साडूंचं न उघडलेलं घड्याळ

घड्याळजींना माणसांच्या दोन जमाती मुळीच आवडत नसत. "पाच मिनिटांचंच काम आहे हो" असं म्हणत येणारे, ही एक. घड्याळांचे शौकीन, ही दुसरी. पहिल्यांना निदान हाकलून देता येई. दुसऱ्या जमातीतला एक मात्र नेमका घरातच निघाला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे साडू. आणि साडू हे नातं असं आहे की ते धड जोडता येत नाही आणि तोडायला जावं तर त्याची दोरी भलत्यांच्याच हातात असते.

घड्याळजींचं दुकान बँकेच्या इमारतीत, जिन्याखाली. लांबी आठ फूट, रुंदी तीन, आणि उंची अशी की उभं राहिलं की डोकं पायरीवर आपटावं. म्हणून चाळीस वर्षं ते बसूनच होते. गिऱ्हाइकाने बाहेर फुटपाथवर उभं राहायचं, फळीवर घड्याळ ठेवायचं आणि मग बोलणी खायची.

"भांडी घासताना घातलं होतं?"

"छे हो! मी कधीच..."

"मग आतमध्ये साबणाचा फेस काय घड्याळाने आंघोळ केली म्हणून आला?"

शेजारचा औषधवाला म्हणायचा, "घड्याळजींकडे घड्याळ द्यायचं म्हणजे आधी स्वतःचा ताप बघून जावं. नंतर वाढतो."

पण एकदा का गिऱ्हाईक निघून गेलं, डोळ्याला भिंग लागलं आणि मागचं झाकण निघालं की हाच माणूस बदलायचा. माणसांवर ओरडून उरलेली सगळी माया तो चिमट्याच्या टोकाने त्या चक्रांत सोडायचा. काम मनासारखं झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने एक मासोळी कोरायचा, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि तिच्या पोटाखाली महिना आणि साल. घड्याळ पुन्हा दुरुस्तीला आलं तर शेवटचा हात कोणाचा लागला होता ते कळावं, एवढाच त्याचा उपयोग. गिऱ्हाइकाला ती मासोळी आयुष्यात दिसायची नाही. घड्याळजींनाही ती कोणाला दाखवायची हौस नव्हती.

साडू दातांचे डॉक्टर. माणूस तसा गुणी, पण पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला घड्याळं चावली. पहिलं घड्याळ आवडलं म्हणून घेतलं, दुसरं पहिल्याला सोबत म्हणून, आणि तिसऱ्यापासून कारण शोधायची गरज उरली नाही. बघता बघता एकतीस झाली. सगळी उंची, सगळी परदेशी, आणि त्यातलं एकही मनगटावर नाही. का, तर ओरखडा पडेल! ती एका काचेच्या कपाटात राहत. आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळांसाठी विजेवर गोल फिरणारी एक पेटी होती. ती रात्रंदिवस त्यांना हळूहळू घुमवायची, तान्ह्या बाळाला पाळण्यात जोजवावं तशी. दर रविवारी नाश्ता झाला की डॉक्टर पांढरे हातमोजे चढवत, टेबलावर मखमल अंथरत आणि एकेक घड्याळ काढून कानाशी नेत. मग डोळे मिटत. मग सुस्कारा सोडत. असे एकतीस सुस्कारे व्हायला दुपारचा एक वाजायचा.

"इतक्या प्रेमाने यांनी माझी नाडी कधी बघितली नाही," मेहुणी म्हणायची. "हा शौक नाही ताई, एकतीस सवतींची हजेरी आहे!"

घड्याळजींनी तो सोहळा एकदाच बघितला. शेवटी त्यांनी विचारलं, "डॉक्टर, वाजले किती?" डॉक्टरांनी हातमोजा काढला, खिशात हात घातला आणि मोबाइल बघून वेळ सांगितली. त्यानंतर दोन वर्षं घड्याळजी ही गोष्ट भेटेल त्याला ऐकवत होते.

दोघांची भेट व्हायची ती बहिणीबहिणींनी घडवून आणलेल्या जेवणांत. तिथे वरण वाढून होईपर्यंत शांतता टिके.

"साडूभाऊ, तुम्हाला घड्याळ म्हणजे नुसतं यंत्र," डॉक्टर सुरुवात करत. "आम्हाला त्यात इतिहास दिसतो."

"मला त्यात गंज दिसतो."

"त्याला रसिकता लागते हो."

"रसिकता मागाहून. आधी तेल लागतं."

"पंक्चर काढणाऱ्याला गाडीची ऐट कळावी असा माझा आग्रह नाही," असं म्हणून डॉक्टर भाताकडे वळत, आणि दोन्ही बहिणी एकदम "कोशिंबीर घ्या, कोशिंबीर" असं ओरडत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टरांनी बत्तिसावं घड्याळ घेतलं.

हे साधंसुधं प्रकरण नव्हतं. साठ वर्षांपूर्वीचं, पोलादी, रोज चावी द्यायचं घड्याळ. एका जहाजावरच्या इंजिनिअरच्या हातावर ते जन्मभर होतं, असं विकणाऱ्याने सांगितलं. आणि जन्मापासून आजवर कोणी ते उघडलंच नाही! त्याची काळी तबकडी उन्हाने पिकत पिकत गडद तपकिरी झाली होती. शौकिनांच्या जगात काळं ते काळंच राहिलं तर हजार मिळतात, पण ते नीट बिघडलं तर लाख. डॉक्टरांनी त्या बिघाडासाठी दवाखान्याच्या नव्या खुर्चीचे पैसे मोजले. पेशंट जुन्याच खुर्चीत कुरकुरत राहिले. ती कुरकुर पेशंटची की खुर्चीची हे मात्र कळायचं नाही.

न उघडता घेतलं, हीच डॉक्टरांना सर्वांत अभिमानाची गोष्ट वाटायची. कलिंगडवालासुद्धा गिऱ्हाइकाला खाप काढून दाखवतो. पण शौकिनाची गोष्ट वेगळी. जे उघडलेलं नाही तेच अस्सल, आणि ते अस्सल आहे की नाही हे बघायला उघडलं, की संपलं.

घोळ झाला तो संग्राहक मंडळाच्या नव्या नियमाने. वार्षिक प्रदर्शनात मधल्या काचेच्या पेटीत ज्याचं घड्याळ ठेवायचं, त्याने जुन्या अनुभवी कारागिराकडून ते उघडून तपासून घ्यावं आणि सर्व भाग मूळचे असल्याचा सहीचा कागद आणावा. मधल्या पेटीसाठी डॉक्टर आठ वर्षं झुरत होते. या वर्षी ती त्यांना कबूल झाली होती. आणि चाळीस वर्षांचा अनुभव असलेला कारागीर पंचक्रोशीत एकच होता.

डॉक्टर जिन्याखाली आले. येताना कागद टाइप करूनच आणला होता.

"साडूभाऊ, तसं तुमच्या हाताखालून असलं काही गेलं नसेल कधी. पण मंडळाचा नियम आहे. उघडल्यासारखं करा आणि खाली सही ठोका."

"उघडल्यासारखं कसं करतात? तुम्ही दाढ काढल्यासारखं करता का?"

घड्याळजींनी भिंग लावलं आणि झाकण फिरवून काढलं. आत बघितलं. घड्याळजी गप्प बसले आहेत हे बघून औषधवालासुद्धा दुकानाबाहेर आला.

झाकणाच्या आत मासोळी होती. तिच्या पोटाखाली बावीस वर्षांपूर्वीचा महिना होता.

मग त्यांना सगळं आठवलं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला. त्याचं घड्याळ पिठाच्या बादलीत पडलं, ते धुवायला त्याने नळाखाली धरलं, आणि वाळवायला भट्टीच्या दारात ठेवलं. माणूस घड्याळाचे जेवढे हाल करू शकतो तेवढे त्याने एका दुपारी केले. तबकडीचा रंग पापुद्रे होऊन हातात आला. नवी मिळेना. शेवटी घड्याळजींनीच ती खरवडली आणि तीन केसांचा ब्रश करून पुन्हा रंगवली. आकडेसुद्धा स्वतःच्या हाताने काढले. काळा रंग मनासारखा चकाकेना, म्हणून त्यात चिमूटभर बुटाचं पॉलिश घातलं. बेकरीवाल्याला स्पष्ट सांगितलं, "तबकडी मी केलेली आहे. कंपनीची समजू नकोस." तो म्हणाला, "वेळ दाखवते ना? मग झालं!" आणि पुढे कित्येक वर्षं ते भट्टीसमोर पाव भाजत राहिलं.

"डॉक्टर," घड्याळजी म्हणाले, "आतलं यंत्र कंपनीचं. तबकडी माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रंगवलेली. तुमचा तो सात समुद्रांवरचा सूर्य आहे ना, तो बेकरीतला आहे. आणि हे पिकलेपण बुटाच्या पॉलिशचं आहे."

डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले. मग त्यांचा चेहरा भूल न देता खेचलेल्या दाढेसारखा झाला.

"जळता तुम्ही," ते म्हणाले. "दहा वर्षं जळताय. दुसऱ्याच्या हातात चांगली वस्तू बघवत नाही."

"तुमच्या हातात कुठे असते? कपाटात असते."

"सही करणार की नाही?"

"'सर्व भाग मूळचे' याच्याखाली? मेलो तरी नाही."

डॉक्टरांनी घड्याळ उचललं, कागद उचलला, आणि रागाच्या भरात घड्याळजींचा चिमटाही उचलून नेला.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. बायकोने ताट असं आदळलं की आमटीनेच जागा सोडली.

"एक सही मागितली त्याने. तुमची इस्टेट नाही मागितली."

"चाळीस वर्षांत खोट्यावर सही केलेली नाही."

"चाळीस वर्षांत तुमची सही मागितलीय कोणी? पहिल्यांदाच कोणी मागितली, तर तिथेही नाट लावला!"

हे घड्याळजींना लागलं, कारण ते खरं होतं. आठवड्याभराने फोनवर मेहुणीचा आवाज रडवेला होता. "भाऊजी, ते जेवत नाहीत हो. रविवारी कपाटसुद्धा उघडलं नाही." घड्याळजींना वाईट वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, साधारण अर्धा मिनिट. मग त्यांनी फोन ठेवला आणि ठरवलं की प्रदर्शनाला जायचं आणि चारचौघांत सांगायचं. दहा वर्षांच्या पंक्चरवाल्याचा हिशेब तिथे चुकता होणार होता.

प्रदर्शन एका हॉटेलच्या मोठ्या दालनात होतं. बायको "मी येतेच, नाहीतर तुम्ही तिथे आग लावाल" म्हणून बरोबर निघाली. मधली पेटी लांबूनच दिसली. आत तपकिरी तबकडीचं घड्याळ, आणि शेजारी सहीचा कागद. डॉक्टरांनी तो मॉलमधल्या घड्याळवाल्याकडून आणला होता. हा गृहस्थ आयुष्यभर फक्त सेल बदलत आला होता. मासोळी बघून तो म्हणाला होता, "अशा खुणा कंपनीतच करतात." बुडत्याला काडी पुरते. डॉक्टरांना तर त्याने अख्खं फळकूट दिलं.

पेटीपाशी मंडळाचे अध्यक्ष उभे होते. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. एकात सगळ्यांची वेळ, दुसऱ्यात बहुतेक त्यांची स्वतःची. चांदीच्या दांडीचं भिंग धरून ते जमलेल्यांना समजावत होते, आणि डॉक्टर शेजारी मुंडावळ्या तेवढ्या राहिल्यासारखे उभे होते.

"हा रंग बघा," अध्यक्ष म्हणाले. "हा माणसाच्या हातून होणे नाही. याला साठ वर्षांचं ऊनच लागतं. आणि हा सहाचा आकडा. याचं पोट कसं जरासं सैल सोडलंय! ही हिंमत आज कोणाच्या हातात आहे? आणि पाचाच्या शेपटाखाली ही बारीक रेघ. ही काळाची सुरकुती, मित्रहो!"

घड्याळजी मागच्या रांगेत उभे होते आणि त्यांना काय होतंय ते त्यांनाच कळेना. कान गरम झाले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कोणी "किती झाले?" याखेरीज काही बोललं नव्हतं. इथे एक सुटाबुटातला माणूस त्यांच्या सहाच्या पोटाचं कौतुक करत होता. आणखी थोडा वेळ हे चालू राहावं असं वाटत होतं. 'ते पोट माझं' असं ओरडावंसंही वाटत होतं. आणि एवढंही कळत होतं की ओरडलं की त्या पोटाची किंमत शून्य.

अध्यक्ष म्हणाले, "असे हात आता राहिले नाहीत."

"राहिलेत," घड्याळजी म्हणाले. "हे काय."

सगळे वळले. डॉक्टरांनी डोळे मिटले, पण सुस्कारा सोडला नाही.

"तबकडी मी रंगवली आहे. बावीस वर्षं झाली. ती सुरकुती नाही, केस आहे. ब्रशचा. रंगात अडकून राहिला."

"हे गृहस्थ कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमचे साडू," डॉक्टर म्हणाले. 'आम्हाला झालेली मूळव्याध' असं सांगावं त्या आवाजात.

अध्यक्षांनी घड्याळ बाहेर काढून भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. "केस आहे," ते हळूच म्हणाले.

"कसला केस?" कोणीतरी विचारलं.

"हिचा," घड्याळजींनी बायकोकडे बोट केलं. "ब्रश हिच्याच केसांचा केला होता. खारीचे केस फार मऊ पडतात."

"अगं बाई!" बायको किंचाळली. "म्हणजे त्या वेळी झोपेत माझी बट कापली होती ती तुम्ही? आणि मी बिचाऱ्या मोलकरणीला बोलले!"

दालनात हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तेच भिंग त्याच तबकडीवर धरलं. "तरीच," ते म्हणाले. "मला आधीपासून शंका होतीच. रंग मळकट आहे. आणि सहाचं पोट बघा ना, सुटलंय. अगदीच गावठी हात."

घड्याळजी बदला घ्यायला आले होते. तो मिळाला होता, सव्याज. पण आता त्यांना साडूंचा नव्हे, अध्यक्षांचा गळा धरावासा वाटत होता. ते काही बोलणार तोच दुसराच कोणीतरी कडाडला.

"गावठी?" डॉक्टर म्हणाले. "अहो, दोन मिनिटांपूर्वी हिंमत होती ना ती? मी चार महिने रोज सकाळी हा सहा बघतोय. तो तेव्हाही असाच होता, आताही असाच आहे. पोट त्याचं नाही, तुमचं सुटलंय!"

"डॉक्टर, शब्द जपून वापरा. हे घड्याळ आता पेटीत राहू शकत नाही."

"ठेवतोय कोण!" डॉक्टरांनी अध्यक्षांच्या हातातून घड्याळ ओढून घेतलं आणि हातमोजा न घालता, मखमल न अंथरता, सरळ मनगटावर बांधलं. मग ते घड्याळजींकडे वळले. "आणि तुम्ही! तुम्ही तर माझ्याशी बोलूच नका."

"मी कुठे बोललो?"

"बोललात! बोललात म्हणून तर हे झालं!"

सोमवारी सकाळी डॉक्टर फुटपाथवर उभे होते. त्यांनी फळीवर आधी चिमटा आपटला.

"तुमचा आहे. चोर नाही मी."

"मी कुठे म्हटलं?"

"मनात म्हटलंत. विकणाऱ्याशी बोललो. घड्याळ परत घ्यायला तयार आहे तो, पूर्ण पैशांत. फक्त कागद हवाय तुमच्या सहीचा. तबकडी खोटी आहे असा."

"खोटी नाही ती. कंपनीची नाही, एवढंच."

"मग कोणाची आहे?"

"माझी."

"मग तसं लिहा! मला काय शिकवता? नीट सगळं लिहा. आणि अक्षर जरा माणसासारखं काढा."

घड्याळजींनी कागद घेतला आणि लिहिलं. कोणत्या साली, कशासाठी, रंगात काय, ब्रश कशाचा, भट्टी कोणाची. लिहिता लिहिता कागदाची मागची बाजूही भरली. खाली सही केली. डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, भिंग मागून घेऊन सही तपासली, आणि चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला.

"कधी पाठवताय विकणाऱ्याला?" घड्याळजींनी विचारलं.

"त्याचा काय संबंध? ज्या घड्याळाचे कागद माझ्याकडे नाहीत ते मी संग्रहात ठेवत नाही. आता आहेत."

"म्हणजे परत नाही देणार?"

"तुम्हाला काय करायचंय? मला माणसं आवडली म्हणून मी वस्तू घेत नसतो आणि आवडली नाहीत म्हणून टाकतही नसतो. चाललो मी. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतंय ते, शोभत नाही तुम्हाला!"

"मग ठेवून जा!"

"ठेवलं तर आणखी काहीतरी रंगवाल!" असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

पुढचे दोन महिने दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली नाहीत. बहिणी आळीपाळीने एकमेकींकडे जेवल्या, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना कोशिंबीर स्वतः खायला मिळाली. मग एकदा औषधवाल्याची अक्कलदाढ दुखली आणि तो डॉक्टरांकडे जाऊन आला. एका गालात कापूस घेऊनच तो जिन्याखाली वाकला.

"तोंड उघडायला लावलं मला," तो बोबड्या आवाजात सांगू लागला, "आणि मनगट आणलं डोळ्यांसमोर. मला बोलता तर येईना. म्हणे, ही तबकडी बघा, आमच्या साडूंनी रंगवलेली. माणूस महा खडूस, पण हा सहा बघा!"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "खडूस म्हणाला?"

"महा खडूस."

"सगळ्यांना सांगतो?"

"माझ्या आधीच्या बाईंनाही सांगत होता. आत ऐकू येत होतं."

घड्याळजींनी भिंग पुन्हा लावलं आणि खाली वाकले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "आणि दाढ कशी काढली?"

"छान. कळलंसुद्धा नाही."

"हं," घड्याळजी म्हणाले. "तेवढं बरं जमतं गाढवाला."